तिचं गाव, त्याचं गाव आणि सव्वा तास

सहाशे बारा किलोमीटर. विमानाने एक तास सोळा मिनिटं. गेल्या दिवाळीच्या आधी तीन आठवडे हे दोन आकडे मी रोज सकाळी माझ्या मुलाला पाठवत होते. एका वेबसाइटवर दोन विमानतळांची नावं टाकली की त्यांच्यामधलं अंतर आणि लागणारा वेळ दिसतो. खाली नकाशा येतो, त्यावर दोन ठिपके आणि त्यांना जोडणारी लाल कमान. शाळेची बस यायच्या आधी चहा पिता पिता मी त्याचा फोटो काढायचे आणि पाठवून द्यायचे. सोबत एक शब्दही लिहीत नव्हते. सातवीच्या मुलांना वेग, वेळ आणि अंतर शिकवण्यात माझी तेवीस वर्षं गेली आहेत. आकडे बोलतात, आपण गप्प बसावं, असं मी वर्गात सांगते.

एक ठिपका माझ्या मुलीच्या गावाचा, दुसरा मुलाच्या. दोन्ही गावं कॅनडाच्या पार वरच्या अंगाला, जिथे झाडंसुद्धा उगवायला तयार नाहीत. त्यांची नावं मला धड उच्चारता येत नाहीत, म्हणून घरात आम्ही ‘तिचं गाव’ आणि ‘त्याचं गाव’ असंच म्हणतो. दोन्ही पोरं शारजात जन्मली आणि अल नहदाच्या एकाच वन बीएचकेत वाढली. जन्म इथला असला तरी पासपोर्ट आपलाच, तेव्हा शिक्षण झालं की कुठेतरी जायचंच होतं. कॅनडात जिथे कुणी जायला राजी नसतं, तिथे गेलं की कायमचे कागद लवकर होतात म्हणे. मुलगा त्यासाठीच गेला. तो त्याच्या गावच्या विमानतळावर विमानांची दुरुस्ती करतो.

मुलीचं तसं नव्हतं. ती नर्स. लग्न करून टोरांटोत राहत होती, आणि त्या वर्षी मे महिन्यात एकाएकी दोन बॅगा घेऊन आमच्या दारात उभी राहिली. नवऱ्याला सोडून आले म्हणाली. एक महिना इथे राहू दे, मग बघते पुढचं, एवढंच तिचं मागणं होतं. मी तिला काय म्हणाले ते लिहिते, कारण ते लपवून बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. मी म्हणाले, “आधी परत जा. त्याच्या घरी पोचलीस की फोन कर. मग बोलू.” तिने काय भोगलं, हे मी विचारलं नाही. तिला मारहाण झालेली नाही एवढं बघून घेतलं आणि माझ्या मते प्रश्न तिथेच संपला. तिसऱ्या दिवशी ती गेली. गेली ती नवऱ्याकडे नाही, सरळ उत्तरेला, त्या तिच्या गावच्या दवाखान्यात नोकरी धरून.

त्यानंतर पाच महिने तिने माझा फोन उचलला नाही. तिच्या बाबांना मेसेज यायचे, ‘आय ॲम फाइन, बाबा’ एवढेच. हे आंघोळीला गेले की मी त्यांच्या फोनवर ते वाचायचे. माझ्या मेसेजना तेही नाही. संतापाने माझा तीळपापड व्हायचा. जन्म दिला, याच हातांनी न्हाऊमाखू घातलं, आणि आता ही माझ्याशी अबोला धरणार? पण रागाच्या तळाशी दुसरीच गोष्ट होती. मला तिचा आवाज ऐकायचा होता. तो ऐकू येईना म्हणून जीव कासावीस झाला होता, आणि हे कबूल करायची माझी तयारी नव्हती.

म्हणून मी भाऊबीज काढली. भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जायचं असतं, यात वाद घालायला जागाच नाही. तो जाईल, ती ओवाळील, तो मला व्हिडिओ कॉल लावेल आणि ताट हातात घेऊन उभी असलेली मुलगी फोनसमोरून पळून जाऊ शकणार नाही. दिवाळीचा दिवस, भाऊ समोर, बोलावंच लागेल. मला ही योजना अगदी पक्की वाटली होती.

मुलाने पहिल्याच फोनला नन्नाचा पाढा लावला. “आई, देअर इज नो फ्लाइट. माझ्या गावातून तिच्या गावात डायरेक्ट काही जातच नाही.”

“विमानतळावर कामाला आहेस ना तू?”

“आय फिक्स द प्लेन्स, आई. ती कुठे जातात ते मी ठरवत नाही.”

“सहाशे बारा किलोमीटर आहे. आपण शारजातून मुंबईला त्याच्या तिप्पट जातो, तीन तासांत. मग गाडी भाड्याने घे.”

“रोड नाहीये. इट्स ऑल वॉटर अँड आइस.”

“बरं, मग बर्फावरून काहीतरी जात असेलच की.”

 मग त्याने मला समजावलं, अगदी मीच सातवीतल्या ढ पोराला समजावते तसं. त्याच्या गावातून आठवड्याला तीन विमानं निघतात आणि ती फक्त खाली, दक्षिणेला जातात. तिच्या गावाचंही तसंच, पण तिचं खालचं शहर निराळं. म्हणजे आधी आपल्या खालच्या शहरात उतरायचं, तिथून तिच्या खालच्या शहरात जायचं आणि तिथून पुन्हा वर चढायचं. “तुझ्या दोन बोटांच्या टोकांमध्ये चार इंच आहेत ना? पण मुंगीला तळहातापर्यंत खाली यायला लागतं,” तो म्हणाला. हवा चांगली असेल तर दोन दिवस, नसेल तर काही सांगता येत नाही.

मला ते समजलं होतं. मी मुद्दाम समजून घेतलं नाही. माझ्यासमोर आकडा होता आणि आकडा समोर असताना सबबी सांगणाऱ्या पोरांना मी आयुष्यभर उभं केलं आहे. हा जायचं टाळतोय, बहिणीची बाजू घेतोय, दोघांचं माझ्याविरुद्ध संगनमत आहे, असं मी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशीपासून सकाळचे फोटो सुरू झाले. तो आधी ‘ओके’ लिहायचा. मग नुसता अंगठा पाठवायला लागला. मग तोही बंद झाला.

यांचं ऑफिस दुबईत, अल कूझला. एका संध्याकाळी हे घरी आले, बूट काढले आणि माझा नवा मेसेज मुलाने यांना पाठवला होता तो दाखवत म्हणाले, “मी रोज बावीस किलोमीटर येतो. आज पावणेदोन तास लागले. टाक की तुझ्या वेबसाइटवर, बघू किती मिनिटं सांगते.”

“तुम्ही मधे पडू नका.”

“मी पडतच नाही. पण इथे शारजात सोफ्यावर बसून तू उंटावरून शेळ्या हाकतेयस.”

मी त्या रात्री त्यांना जेवायला वाढलं आणि एक शब्द बोलले नाही. पुढचे चार दिवसही नाही. आमच्या घरात भांडण असंच चालतं, भांड्यांच्या आवाजाने. यांना त्याची सवय आहे. मुलंही त्यातच मोठी झाली, हॉलमध्ये पडदा लावून केलेल्या त्यांच्या खोलीत सगळं ऐकत.

मग चकल्यांचा दिवस आला. आमच्या आणि बाजूच्या बिल्डिंगमधल्या आठ-दहा जणी दरवर्षी एकीच्या घरी जमून फराळ करतो. शारजाच्या शाळांना शुक्रवारीही सुट्टी असते, त्यामुळे मला जमतं. मी सोऱ्या फिरवत होते आणि शेजारच्या एकीने अगदी गोड आवाजात विचारलं, “लेक काय म्हणते? यंदा दिसली नाही ती. टोरांटोतच ना?” तिला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असल्याशिवाय कोणी इतकं गोड विचारत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, “नाही, वरती मोठ्या दवाखान्यात आहे ती आता. भाऊबीजेला भाऊ जातोय तिच्याकडे. एक तासाचं तर विमान आहे.”

“अय्या, किती छान! फोटो टाक हं ग्रुपवर.”

झालं. आता ही गोष्ट घरापुरती राहिली नाही. त्याच संध्याकाळी मी मुलाला फोन लावला. तो कामावर निघाला होता, त्याच्याकडे सकाळ होती, दात वाजत होते त्याचे बोलताना. तो म्हणाला, रजा मिळेल पण हवा वाईट आहे, पुढच्या महिन्यात गेलो तर चालेल का. मी म्हणाले, भाऊबीज पुढच्या महिन्यात नसते. तो म्हणाला, ताईने बोलावलेलं नाही. तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, “बहिणीकडे सव्वा तास जाता येत नसेल, तर डिसेंबरमध्ये इकडेही येऊ नकोस. समज तुला इथे कोणी नाही. खलास.”

 मग तो म्हणाला, “ओके, आई. आय विल गो.”

मला जिंकल्याचा आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी मी रोल्लाला जाऊन फराळाचा डबा कुरिअर केला. काउंटरवरच्या माणसाने पत्ता तीनदा वाचला. “मॅडम, टोरांटो तक गॅरंटी है. उसके आगे इन्शाल्ला.” मी म्हटलं, इन्शाल्ला नको, तारीख बोलो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि कुठलीतरी एक तारीख सांगितली. त्या तारखेला डबा काही पोचला नाही आणि मुलगा रिकाम्या हातांनी निघाला. त्याचाही राग मी त्याच्यावरच काढला, दोन दिवस थांबता आलं नाही का म्हणून. थांबला असता तर का थांबलास म्हणाले असते.

भाऊबीजेच्या दिवशी मी शाळेतून आले, साडी नेसले आणि हॉलमध्ये फोन टेबलावर उभा करून बसले. सहा वाजले, सात वाजले. हे आतबाहेर करत होते. साडेसातला मुलाचा मेसेज आला. तो अजून खालच्या दुसऱ्या शहरात होता. आदल्या दिवशी तिच्या गावाला निघालेलं विमान तिथपर्यंत गेलं, वर घिरट्या घातल्या, खाली बर्फाच्या वादळात धावपट्टी दिसेना म्हणून आल्या वाटेने परत आलं. आज विमान सुटलंच नव्हतं. मी लिहिलं, ‘आधी निघायला हवं होतंस.’

त्याने लगेच फोन केला. पाठीमागे विमानतळावरच्या सूचना ऐकू येत होत्या. घसा पार बसला होता त्याचा. हॉटेलं भरलेली आहेत, दोन दिवस फरशीवर झोपलोय, म्हणाला. जेवलास का, हे मी विचारलं नाही. मी विचारलं, “आता कधी पोचशील?”

“आय डोन्ट नो.”

“कोणाला तरी विचार ना! बसून काय राहिलायस?”

“आई, प्लीज,” तो म्हणाला, आणि बावीस वर्षांचा घोडा फोनवर रडायला लागला. यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. गॅलरीत जाऊन दार लावून घेतलं आणि अर्धा तास त्याच्याशी बोलत राहिले. काचेतून मला नुसती त्यांची पाठ दिसत होती. ग्रुपवर दोघींनी फोटो मागितला होता. मी लिहिलं, ‘तिकडे नेटवर्क नाही, नंतर टाकते.’ मग साडीची घडी करून कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशीही विमान गेलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. या दिवसांत मला माझी चूक कळली असं लिहायला बरं वाटलं असतं, पण तसं घडलं नाही. मी उलट आणखी चिडत गेले. हवेवर, त्या वेबसाइटवर, विमान कंपनीवर, शेजारणीवर. वर्गात एका मुलीने विचारलं, मॅम, आगगाडी मधे थांबली तर गणित कसं करायचं? मी तिला उभं केलं आणि म्हटलं, गणितात दिलेलं नाही ते मधे आणायचं नाही.

रविवारी सकाळी नऊ वाजता मुलाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे शनिवारची रात्र होती. तो पोचला होता. घरातून निघाल्यापासून सहावा दिवस. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले, कपाळावर कुंकवाचं बोट. मागे एक पिवळट भिंत आणि खिडकीत काळोख. मी म्हणाले, “दे तिच्याकडे.”

त्याने नाही म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात एका हाताने फोन घेतला आणि माझी मुलगी समोर आली. केस अगदी बारीक कापलेले. गालांची हाडं वर आलेली. मी तिला इतकी वर्षं बघत आले, पण त्या क्षणी ओळख पटायला थोडा वेळ लागला.

“ओवाळलं मी त्याला,” ती म्हणाली. “तीन दिवस उशिरा. इथे क्वार्टरमध्ये ज्योत लावता येत नाही, अलार्म होतो. फोनचा टॉर्च ठेवला ताटात. फोटो काढलाय, तो पाठवेल. तुझं काम झालं.”

पाच महिन्यांनी हा तिचा आवाज.  आणि मी म्हणाले, “फोन का उचलत नाहीस?”

ती हसली. तसं हसू माझंच आहे, मी वर्गात हसते तसं. “ही स्लेप्ट ऑन द फ्लोअर फॉर फाइव्ह नाइट्स, आई. तुझ्या ग्रुपच्या फोटोसाठी.”

“फोटोसाठी नाही.”

“मग कशासाठी?”

तेव्हा सांगायचं होतं. तुझा आवाज ऐकायचा होता मला, एवढंच. शब्द तोंडापर्यंत आले होते. हे माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी माझ्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला. मी म्हणाले, “सहाशे किलोमीटरसाठी एवढा तमाशा करायची काय गरज होती?”

पलीकडे मुलगा काहीतरी पुटपुटला. तिने त्याला हाताने गप्प केलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली.

“त्याने मला दाखवलं सगळं,” ती म्हणाली. “रोजचे फोटो. डिस्टन्स, फ्लाइट टाइम, तो लाल कर्व्ह. त्याच्यापासून माझ्यापर्यंत. मला एक सांग, तुझ्यापासून माझ्यापर्यंत किती आहे?”

“म्हणजे?”

“शारजा टु माय प्लेस. किती किलोमीटर, किती तास. बघितलं असशील ना?”

“बघितलंय,” मी म्हणाले.

“किती?”

मला आकडा ठोकून देता आला असता. तिला तरी कुठे माहीत होता? पण ती माझ्याकडे बघत थांबली होती आणि माझ्या डोक्यात काहीच येत नव्हतं. तीन आठवडे रोज ती वेबसाइट उघडत होते मी. एकदाही त्यात शारजा टाकलं नव्हतं. आपण जावं, हा विचारच मला शिवला नव्हता. मी आई होते, माझ्याकडे लोक येणार, माझ्या सांगण्यावरून दुसरे जाणार, असंच मी धरून चालले होते.

“माझ्या टोरांटोच्या जुन्या इन्व्हिटेशन लेटरवर तुम्हा दोघांना इथला व्हिसा मिळालाय,” ती म्हणाली. आवाज आता खाली आला होता. मला वाटतं, त्या क्षणी ती माझी मुलगी होती, मे महिन्यात दारात उभी राहिली होती तीच. “अजून चार वर्षं आहे तो. डिसेंबरमध्ये तुला तीन आठवडे सुट्टी असते. येशील?”

यांच्या हाताचा दाब खांद्यावर वाढलेला मला जाणवला. हो म्हणायचं होतं, फक्त हो. माझा जीव त्या एका शब्दात अडकला होता. पण तो शब्द म्हणजे आधी तिच्या दारात जाऊन उभं राहणं, दोन बॅगा घेऊन, तिने आत घ्यावं म्हणून. माझ्या मानेला ते वळण नाही.

“बघते,” मी म्हणाले. “जानेवारीत परीक्षा आहेत. पेपर काढायचे आहेत.”

 माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात ती दोन वर्षं होती, आणि शाळेच्या फाटकाच्या आत मला आई म्हणायचं नाही असा मी तिला नियम घालून दिला होता. इतर मुलांसारखं बाकाशेजारी उभं राहून, हात पाठीमागे बांधून ती उत्तर द्यायची.

“ओके, मॅम,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.